मायक्रोकंट्रोलरचे मोड: कोण निवडतं, कधी निवडतं आणि कुठे अडतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालचे बहुतेक प्रश्न तीन मायक्रोकंट्रोलरांभोवती, म्हणजे एकाच चिपवरच्या छोट्या संगणकांभोवती, फिरतात: एसटीएम३२एफ१०३ (बाजारात ‘ब्लू पिल’ म्हणून मिळणारा छोटा निळा बोर्ड), ईएसपी३२ आणि अर्डुइनो उनोवरचा एटीमेगा३२८पी. माझ्या टेबलावर रोज येतात त्या याच. ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर परीक्षेच्या दिवसांत येतो, म्हणून त्यालाही जागा दिली आहे.

‘मोड’ म्हणजे नक्की काय? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कारण एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. पहिला सुरुवातीचा मोड, ज्याला बूट मोड म्हणतात: चिप जागी झाल्यावर पहिली आज्ञा कुठून उचलायची? तुमच्या प्रोग्राममधून, की कारखान्यात कोरलेल्या बूटलोडरमधून (नवा प्रोग्राम आत घेणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून)? दुसरा विजेचा मोड: जागं राहायचं, डुलकी घ्यायची की गाढ झोपायचं. तिसरा अधिकाराचा मोड: आत्ता चाललेल्या कोडला सगळ्या रजिस्टरांना (चिपच्या आतल्या छोट्या साठवणकप्प्यांना) हात लावता येतो की नाही.

पहिला बाहेरून ठरतो, पिनने (चिपच्या पायाने) किंवा फ्यूजने (चिपमध्ये वेगळ्या लिहून ठेवलेल्या बिटाने). दुसरा तुमचा प्रोग्राम ठरवतो. तिसरा प्रोसेसर बराचसा स्वतःच बदलत असतो. कुणी ‘चिप चुकीच्या मोडमध्ये गेली’ म्हणत आलं की मी आधी विचारतो, तिघांपैकी कुठल्या? निम्म्या वेळा उत्तर देता देताच त्याला चूक सापडते.

बूट मोडचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बदलला तरी काहीच का होत नाही?

कारण तो बघायला त्या वेळी कुणी बसलेलं नसतं. बूट मोडची पिन सतत वाचली जात नाही, रिसेट सुटताना एकदाच वाचली जाते. शाळेतल्या हजेरीसारखं आहे. बाई नाव घेतात त्या क्षणी तुम्ही वर्गात होतात का, एवढंच वहीत चढतं. नंतर तुम्ही बाकावर आहात की मैदानात, वही बदलत नाही.

एसटीएम३२एफ१०३ मध्ये ही हजेरी रिसेटनंतर सिस्टिम क्लॉकच्या चौथ्या चढत्या कडेला होते. सुरुवातीचा आतला क्लॉक ८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सगळा मामला अर्ध्या मायक्रोसेकंदाचा. त्यानंतर बूट१ ही पिन साधी पीबी२ होऊन तुमच्या सेवेला हजर असते. म्हणून क्रम असा: जम्पर बदला, मग रिसेट दाबा. उलटं केलंत तर पुन्हा रिसेट दाबा.

एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. याच चिपमध्ये स्टँडबाय या गाढ झोपेतून उठतानाही बूट पिना पुन्हा वाचल्या जातात. झोपेतून उठल्यावर बोर्ड कधीतरीच गप्प होतो अशी तक्रार असेल, तर बूट० कुठे जोडली आहे ते आधी बघा.

ब्लू पिलवरच्या दोन पिवळ्या टोप्या कुठे ठेवायच्या?

बोर्ड यूएसबीच्या बाजूने हातात धरला की दोन पिवळ्या जम्पर टोप्या शेजारी शेजारी दिसतात. एक बूट०ची, दुसरी बूट१ची. प्रत्येकीला ० आणि १ अशा दोन जागा आहेत.

बूट० शून्यावर असेल तर बूट१ कुठेही असो, चिप मुख्य फ्लॅशमधून (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतून), म्हणजे तुमच्या प्रोग्राममधून सुरू होते. रोजच्या वापराची जागा हीच. बूट० एकवर आणि बूट१ शून्यावर ठेवलंत तर कारखान्यातला बूटलोडर चालू होतो. तो ज्या भागात राहतो त्याला सिस्टिम मेमरी म्हणतात. दोन्ही एकवर असतील तर चिप रॅममधून सुरू होते. हा शेवटचा प्रकार मी इतक्या वर्षांत दोनदाच वापरला असेन. डिबगर लावून फ्लॅशला न दुखवता प्रोग्राम तपासायचा असेल तर तो ठीक आहे. एरवी वीज गेली की रॅम कोरी, सुरू व्हायचं कशातून?

आत काय घडतं हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की पाठांतर करावं लागत नाही. कॉर्टेक्स-एम३ गाभा, म्हणजे या चिपमधला प्रोसेसर, उठल्यावर शून्य पत्त्यावर जातो आणि तिथले पहिले दोन शब्द उचलतो. पहिला स्टॅकचा माथा, दुसरा रिसेटनंतर उडी मारायचा पत्ता. बूट पिना एवढंच ठरवतात की त्या शून्य पत्त्यावर फ्लॅश दिसावी की सिस्टिम मेमरी. दारावरची पाटी बदलते, घरं जिथल्या तिथेच असतात.

प्रोग्राम टाकला, एलईडी लुकलुकला, सगळं छान. केबल काढून पुन्हा लावली तर प्रोग्राम गायब! फ्लॅश खराब आहे का?

नाही हो, फ्लॅश धडधाकट आहे. बूट०ची टोपी एकवरच राहिली आहे. सीरियलने प्रोग्राम टाकून झाल्यावर बूटलोडरला ‘आता या पत्त्यावर जा’ अशी आज्ञा देता येते आणि बहुतेक सॉफ्टवेअरं ती देतात. म्हणून पहिल्यांदा तुमचा प्रोग्राम चालताना दिसतो. वीज गेली-आली की हजेरी नव्याने होते, बूट० एकवर सापडते, आणि चिप पुन्हा बूटलोडरमध्ये जाऊन तुमच्या सीरियल पोर्टकडे कान लावून बसते. तुमचा प्रोग्राम फ्लॅशमध्ये तसाच आहे, त्याला बोलावणारं कुणी नाही. टोपी शून्यावर आणा, रिसेट दाबा.

या एका टोपीपायी चांगले बोर्ड भंगारात गेलेले मी पाहिले आहेत. एकाने तर ओळीने तिसरा बोर्ड विकत आणला होता.

कारखान्यातल्या बूटलोडरशी बोलायचं कसं? यूएसबी लावूनही पीसीला काहीच दिसत नाही.

दिसणारही नाही. एफ१०३ च्या त्या बूटलोडरला यूएसबी येत नाही. बोर्डावर यूएसबीचं सॉकेट आहे म्हणून सगळे फसतात. त्याला फक्त यूएसएआरटी१ हा सीरियल पोर्ट कळतो: पीए९ वर तो बोलतो, पीए१० वर ऐकतो. म्हणजे यूएसबी-सीरियल अडॅप्टर लागेल, तारा उलटसुलट जोडाव्या लागतील (तुमचं बोलणं त्याच्या कानात), आणि ग्राउंड एक असावं लागेल. ग्राउंडची तार विसरण्याचा मान अनुभवी लोकांकडेही जातो.

पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) इथे सम असते: ८ बिट, सम पॅरिटी, १ स्टॉप बिट. बहुतेक टर्मिनल पॅरिटी नसलेलीच उघडतात आणि मग चिप मुकी वाटते. खात्री करायची तर हेक्स ७एफ हा एक बाइट पाठवा. हेक्स ७९ परत आला की समजा तो जागा आहे आणि तुमचा बॉड रेटही त्याने ओळखला आहे. मी नवा बोर्ड आला की आधी हेच करतो. दोन मिनिटांत कळतं की चिप जिवंत आहे.

ईएसपी३२ मध्ये प्रोग्राम टाकताना नुसते टिंब टिंब येतात आणि शेवटी वेळ संपल्याचा निरोप. का?

टिंबांचा अर्थ एवढाच, की पीसी हाक मारतो आहे आणि चिप डाउनलोड मोडमध्ये नाही. ईएसपी३२ रिसेटमधून उठताना जीपीआयओ० ही पिन शून्यावर असेल तर ती डाउनलोड मोडमध्ये जाते, एकवर असेल तर फ्लॅशमधला प्रोग्राम चालवते. डाउनलोडसाठी जीपीआयओ२ सुद्धा शून्यावर किंवा मोकळी लागते, हे विसरू नका.

तयार बोर्डांवर हे आपोआप व्हावं म्हणून सीरियल चिपच्या डीटीआर आणि आरटीएस या दोन रेषा दोन ट्रान्झिस्टरांमधून ईएन (रिसेटची पिन) आणि जीपीआयओ० ला जोडलेल्या असतात. पीसी त्या ठरावीक क्रमाने हलवतो: आधी चिपला रिसेटमध्ये धरायचं, मग जीपीआयओ० खाली दाबून रिसेट सोडायचा. यात वेळेचं गणित चुकलं की हजेरीला जीपीआयओ० आधीच वर गेलेली असते. तात्पुरता उपाय म्हणजे टिंबं सुरू झाली की बूटचं बटण दाबून धरा आणि पुढे टक्केवारी दिसू लागली की सोडा. कायमचा उपाय म्हणजे ईएन आणि ग्राउंडमध्ये १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याने ईएन सावकाश वर चढते आणि जीपीआयओ० ला पोहोचायला वेळ मिळतो.

हाताने करायचं असेल तर बूट दाबून धरायचं, ईएन दाबून सोडायचं, मग बूट सोडायचं. ११५२०० वर सीरियल मॉनिटर उघडा असेल तर इंग्रजीत ‘वेटिंग फॉर डाउनलोड’ अशी ओळ येते. ती आली की पीसीकडून निर्धास्तपणे पाठवा.

काल चालत होता. आज रिले बोर्ड जोडला आणि ईएसपी३२ उठतच नाही. रिले काढला की उठतो.

रिलेची तार जीपीआयओ१२ वर आहे का? बहुधा आहे.

ईएसपी३२ वर उठताना वाचल्या जाणाऱ्या पिना पाच आहेत: ०, २, ५, १२ आणि १५. त्यांतली १२ सगळ्यांत खोडकर. ती फ्लॅश मेमरीला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवते. शून्यावर असेल तर ३.३, एकवर असेल तर १.८. तुमच्या मॉड्यूलमधली फ्लॅश ३.३ व्होल्टची असेल आणि हजेरीला १२ नंबर वर सापडला, तर फ्लॅशला १.८ व्होल्टच मिळतात. तेवढ्यावर तिचं भागत नाही, चिपला प्रोग्राम वाचता येत नाही, ती पुन्हा रिसेट होते, पुन्हा तेच. मॉनिटरवर फ्लॅश वाचता न आल्याच्या ओळी धो धो वाहतात.

रिले बोर्डाने ही पिन वर कशी ओढली? नेहमीच्या रिले बोर्डांत इनपुटला ऑप्टोकप्लरचा एलईडी आणि एक रेझिस्टर असतो, आणि त्याचं दुसरं टोक ५ व्होल्टला. म्हणजे तो नकळत पुल-अपच (पिनेला वर ओढणारा रेझिस्टर) झाला. चिपच्या आत १२ वर पुल-डाउन आहे, पण तो अशक्त. ओढाताणीत रिले जिंकतो.

माझ्याकडे ठिबकच्या व्हॉल्व्हसाठी बनवलेला असाच एक पॅनेल आला होता. शेतावर दर वेळी वीज आली की तो मेलेला, माझ्या टेबलावर मात्र टुणटुणीत, कारण टेबलावर रिले जोडलेला नव्हता! दोन दिवस मी पॉवर सप्लायला शिव्या घातल्या. शेवटी रिलेची तार १२ वरून २७ वर नेली, कोडमधला एक आकडा बदलला, आणि काम झालं.

ईफ्यूज जाळून व्होल्टेज कायमचं ३.३ करता येतं आणि मग १२ ची कटकट जाते. पण ईफ्यूज एकदाच जळतो, मागे फिरता येत नाही. पिन बदलणं शक्य असेल तर ईफ्यूजच्या नादी लागू नका.

एटीमेगावर बूट पिन कुठे आहे? मला सापडत नाही.

नाहीच आहे. एव्हीआरमध्ये (एटीमेगाच्या कुटुंबात) हा निर्णय फ्यूज बिटांत असतो. बूटआरएसटी हा फ्यूज सांगतो की रिसेटनंतर शून्य पत्त्यावर जायचं की फ्लॅशच्या शेवटी बसलेल्या बूटलोडरकडे. अर्डुइनो उनो रिसेटनंतर क्षणभर थांबून मग स्केच (तुमचा प्रोग्राम) चालवतो, तो क्षण त्या बूटलोडरचा. प्रोग्रामरने लिहायचं असेल तर रिसेट पिन खाली धरून ठेवायची. ती खाली असेपर्यंत एसपीआय या सीरियल जोडणीवरून प्रोग्रामिंग चालतं.

फ्यूजच्या बाबतीत दोन खड्डे आहेत. एक, इथे ‘प्रोग्राम केलेला’ म्हणजे ०, आणि १ म्हणजे न केलेला. दोन, क्लॉकचा फ्यूज. कोरी एटीमेगा३२८पी आतल्या ८ मेगाहर्ट्झला ८ ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. १६ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला प्रोग्राम तिच्यात टाकला तर एका सेकंदाचा लुकलुकाट १६ सेकंदांचा होतो. आणि बाहेरचा क्रिस्टल निवडून क्रिस्टल लावलाच नाही, तर चिप प्रोग्रामरलाही ओळख देत नाही. ती मेलेली नसते. दुसऱ्या उनोवरून एखाद्या पिनवर चौकोनी लहर काढा, ती हिच्या ९ नंबरच्या पायाला द्या, ओळख मिळाली की फ्यूज नीट लिहा. रिसेट पिनच बंद करणारा फ्यूज लिहिला असेल तर मात्र १२ व्होल्टचा प्रोग्रामर लागतो.

८०५१ मधल्या ईए पिनचं काय? तोंडीला हमखास विचारतात.

ईए ग्राउंडला जोडली तर सगळा प्रोग्राम बाहेरच्या मेमरीतून वाचला जातो. पोर्ट ० आणि पोर्ट २ पत्ते आणि डेटा वाहण्यात अडकतात, म्हणजे १६ पिना गेल्या. ईए पुरवठ्याला जोडली तर मूळ ८०५१ मधली पहिली ४ किलोबाइट आतून आणि त्यापुढचं बाहेरून. ८०३१ ला आत रॉमच नाही, तिथे ईए ग्राउंडलाच. तोंडी परीक्षेला एवढं पुरतं. प्रत्यक्षात एटी८९एस५२ वापरताना ईए थेट ५ व्होल्टला जोडा. हवेत सोडलीत तर बोट जवळ नेलं की प्रोग्राम चालेल आणि बोट काढलं की थांबेल, आणि तुम्हाला वाटेल आपल्या हातात जादू आहे.

जुन्या मोटोरोला ६८एचसी११ मध्ये हेच काम मोडए आणि मोडबी या दोन पिना करायच्या आणि चार मोड मिळायचे: एकट्या चिपचा, बाहेरच्या मेमरीचा, बूटस्ट्रॅपचा आणि चाचणीचा. आजचा ‘बूट पिन आणि सीरियल बूटलोडर’ हा मामला तिथे जसाच्या तसा दिसतो.

झोपेचा मोड निवडायचा कसा? आणि डेटाशीटमधला आकडा मला का मिळत नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नातून काढा: उठल्यावर काय काय आठवायला हवं आहे?

एफ१०३ मध्ये तीन पायऱ्या आहेत. स्लीपमध्ये फक्त गाभा थांबतो, बाकी सगळं चालू. कुठलाही इंटरप्ट (‘आधी इकडे बघ’ असा इशारा) आला की तत्काळ उठतो. स्टॉपमध्ये क्लॉक थांबतात पण रॅम शाबूत राहते; रेग्युलेटर कमी विजेवर ठेवला तर साधारण १४ मायक्रोअँपिअर. स्टँडबायमध्ये साधारण २ मायक्रोअँपिअर, पण रॅम जाते आणि उठणं म्हणजे रिसेटच. फक्त बॅकअप रजिस्टरांतलं राहतं, आणि ती या चिपमध्ये १० आहेत, प्रत्येकी १६ बिटांची. एकूण २० बाइट. तेवढ्यात तुमचा संसार मावत असेल तर स्टँडबाय घ्या.

निवड करायची ती दोन बिटांनी. स्लीपडीप बिट शून्य ठेवून डब्ल्यूएफआय ही आज्ञा दिली की स्लीप. तो बिट एक केला की खालच्या दोन पायऱ्या, आणि त्या दोघांतला निवाडा पीडीडीएस या बिटाकडे. स्टॉपमधून उठल्यावर चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झवर असते, तुमचा ७२ मेगाहर्ट्झचा पीएलएल (क्लॉकचा वेग वाढवणारं सर्किट) पुन्हा लावावा लागतो. तो लावला नाही की सीरियलवर कचरा येतो आणि दोष केबलला जातो.

आता आकडा. डेटाशीटचा आकडा फक्त चिपचा असतो, बोर्डाचा नव्हे. ईएसपी३२ गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, पण अनेक बोर्डांवर एएमएस१११७ रेग्युलेटर असतो आणि तो रिकामा बसूनही ५ मिलिअँपिअरच्या घरात पितो. म्हणजे चिपच्या पाचशेपट! २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यानेच १६-१७ दिवसांत संपते. त्यात पुरवठ्याचा एलईडी जळत असतो तो वेगळाच. तो मी सरळ सोल्डरिंग आयर्नने उडवतो.

मोजताना आणखी एक फसगत. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवला की त्याच्या आतला रेझिस्टर बराच मोठा असतो. झोपेत चालतं, पण चिप उठून दहा-वीस मिलिअँपिअर मागते तेव्हा त्या रेझिस्टरवरच व्होल्टेज खर्च होतं आणि चिप रिसेट होते. चूक मीटरची, आणि तुम्ही कोडमध्ये शोधत बसता. मीटरच्या दोन टोकांना आडवी तार लावून ठेवा, चिप झोपली की तार काढा, आकडा वाचा, तार परत लावा.

झोपेचा कोड टाकला आणि आता प्रोग्रामर चिपला ओळखतच नाही!

चिप उठल्याबरोबर लगेच स्टॉपमध्ये जाते, आणि झोपलेल्या चिपचा डिबगचा दरवाजा बंद असतो. दोन वाटा आहेत. प्रोग्रामरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिसेट धरून जोडा’ असा पर्याय असतो, तो निवडा. त्यासाठी रिसेटची तार खरोखर जोडलेली हवी, नुसत्या दोन तारांवर भागत नाही. नाहीतर बूट० एकवर आणून रिसेट करा. तुमचा झोपाळू प्रोग्राम सुरूच होत नाही, चिप बूटलोडरमध्ये जागी बसते, मग निवांत फ्लॅश पुसा. पुढच्या वेळी झोपेच्या आधी दोन-तीन सेकंदांचा विलंब घाला, निदान चाचणी चालू असेपर्यंत.

अधिकाराच्या मोडकडे मी लक्ष द्यावं का?

आरटीओएस (कामं वेळेवर वाटून देणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) वापरत नसाल तर नका देऊ. कॉर्टेक्स-एम मध्ये साधा कोड थ्रेड मोडमध्ये आणि इंटरप्ट हँडलर मोडमध्ये चालतो, ही अदलाबदल प्रोसेसर स्वतः करतो. थ्रेड मोडमधला अधिकार कंट्रोल रजिस्टरच्या शून्याव्या बिटाने काढून घेता येतो. पण काढून घेतलेला अधिकार तोच कोड परत मिळवू शकत नाही, त्यासाठी एसव्हीसी या आज्ञेने हँडलरचं दार वाजवावं लागतं.

स्वतःचा बोर्ड बनवतो आहे. बूट पिनेचं काय करू?

हवेत सोडू नका, हे पहिलं. बूट० ला १० किलोओहमचा पुल-डाउन द्या आणि शेजारी ३.३ व्होल्टला जाणारं बटण किंवा निदान टेस्ट पॅड ठेवा. जागा वाचवायला पॅड गाळणारे नंतर चिपच्या पायाला सुई टोचत बसतात. हजेरीच्या पिनांवर एलईडी, रिले, सेन्सर लावायचाच असेल तर रिसेटच्या क्षणी तो पिनेला कुठे ओढतो ते कागदावर काढून बघा. एसटीएम३२ च्या काही नव्या मालिकांत पिनेऐवजी ऑप्शन बिटच निर्णय देतो, तेव्हा जुनी सर्किट नकलताना त्या चिपचं मॅन्युअल उघडा.

बटण द्यायचंच नसेल तर प्रोग्रामकडूनही काम होतं. सीरियलवर ठरलेली आज्ञा आली की बॅकअप रजिस्टरमध्ये एक खुणेचा आकडा लिहा आणि चिप रिसेट करा. मेन फंक्शनच्या पहिल्याच ओळीत तो आकडा तपासा, सापडला तर पुसून टाका आणि सिस्टिम मेमरीत उडी मारा. पुसायला विसरलात तर दर वेळी बूटलोडरच उघडेल, आणि तुम्ही वर टोपीचा प्रश्न वाचायला परत याल.

बूट०ची पिवळी टोपी हरवली. वेगळी मिळते का?

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मूठभर मिळतात. तोवर घरात जुन्या डेस्कटॉपची आयडीई हार्ड डिस्क पडली असेल तर तिच्या पाठीवर मास्टर-स्लेव्ह ठरवणारी अशीच टोपी असते. २.५४ मिलिमीटरची, चपखल बसते. लॅपटॉपच्या डिस्कवरची मात्र लहान असते, ती घुसवू नका.